न दिसणारा वारा

रात्री अंगणात बाज टाकून पडले असता आकाशातील ताऱ्यांविषयी जो भाव मनुष्याच्या मनात प्रथम उत्पन्न होतो तो त्यांच्या अढळपणाचा होय. ग्रह चालतात, चंद्र क्षयवृद्धी पावतो, धूमकेतू येतात आणि जातात; परंतु तारे मात्र आजोबांनी जेथे दाखविले तेथेच नातवासही सापडतात, आणि तेवढ्याच तेजाने सापडतात. ही समजूत पुष्कळ अंशी खरी असली तरी सर्वांशी खरी नाही. ज्यांचे तेज कमीअधिक होते अशा ताऱ्यांस आपल्या भाषेत 'रूपविकारी तारे' हे अन्वर्थक नाव आहे. त्यांपैकी एका विलक्षण जातीविषयी, आणि त्या जातीच्या ताऱ्यांपासून सुटणाऱ्या एका वाऱ्याविषयी प्रस्तुत लेखात चार शब्द लिहावयाचे आम्ही योजिले आहे. या जातीचा पहिला तारा सापडल्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षे या वाऱ्याची वार्ता कोणास लागली नाही. तारा डोळ्यांसमोर होता, दुर्बिणी मोठमोठ्या होत गेल्या, आणि तरीही वारा दिसेना. याचे कारण वारा दुर्बळ होता हे नव्हे. तर ज्या प्रकाशात तो दिसावयाचा तो प्रकाश पृथ्वीपर्यंत पोहोचतच नव्हता, हे होय.

त्या पहिल्या ताऱ्याची हकीकत अशी. १८५५ सालच्या डिसेंबरच्या १५ तारखेस लंडन येथे जॉन रसेल हाइंड यांस मिथुन राशीत पूर्वी कधी न आढळलेला एक तारा दिसला, आणि थोड्याच दिवसांत तो मंदावून दिसेनासा झाला. एखादा तारा असा अकस्मात उजळून विझू लागला म्हणजे त्यास 'नवतारा' म्हणण्याचा प्रघात आहे, व नवतारा एकदा विझला म्हणजे बहुधा पुढील कित्येक पिढ्यांस तोंड दाखवीत नाही. हा मात्र पुढल्याच वर्षी पुन्हा उजळला! तो पुन्हा उजळलेला ज्यांनी पाहिला त्या नॉर्मन पॉग्सन यांचे नाव आपल्या देशास परके नाही. १८६१ साली ते मद्रास येथील वेधशाळेचे प्रमुख होऊन आले आणि १८९१ साली तेथेच निवर्तले. ताऱ्यांच्या 'प्रती' मोजण्याचे जे प्रमाण आज सर्व जग वापरते, म्हणजे एका प्रतीच्या अंतराने तेज २.५१२ पटीने बदलते हे, तेही पॉग्सन यांनीच १८५६ साली सुचविलेले आहे.

याच जातीचा, परंतु अधिक तेजस्वी व म्हणून अधिक प्रसिद्ध असा दुसरा तारा १८९६ साली हार्वर्ड वेधशाळेत लुइसा वेल्स या बाईंनी छायाचित्रांच्या काचा तपासता तपासता हुडकून काढला. तो हंस या तारकासमूहात आहे व त्यास 'एस्. एस्. सिग्नी' असे म्हणतात. रोहिणी, स्वाती, अरुंधती अशी नावे ठेवणाऱ्या पूर्वजांचे आम्ही वंशज. आम्हांस हे नाव एखाद्या आगबोटीचे वाटते. परंतु रूपविकारी तारे आता हजारोंनी मोजावे लागतात, आणि इतक्या मुलांची बारशी करावयाची म्हणजे मुळाक्षरेच कामी येणार, हेही खरे. एरवी हा तारा बाराव्या प्रतीचा, म्हणजे बऱ्यापैकी दुर्बिणीवाचून न दिसणारा. परंतु सरासरी सात-आठ आठवड्यांनी एकदा तो एकदोन दिवसांत उजळून आठव्या प्रतीपर्यंत येतो, म्हणजे सुमारे चाळीस पट तेजस्वी होतो. काही दिवस तसा राहतो आणि पुन्हा पूर्वपदावर जातो. १८९६ पासून त्याचे हे उजळणे जवळजवळ एकही न चुकता नोंदले गेले आहे. नोंदणारे बहुतेक लोक वेधशाळांचे पगारी नोकर नसून आपापल्या परसात दुर्बीण मांडणारे हौशी निरीक्षक आहेत, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

हे उजळणे कशामुळे होते याचा उलगडा होण्यास विसावे शतक अर्धे उलटावे लागले. १९५४ साली मर्ल वॉकर यांस असे आढळले की, १९३४ साली शौरी तारकासमूहात उजळलेला नवतारा हा एक तारा नसून ४ तास ३९ मिनिटांत एकमेकांभोवती फेरी पुरी करणाऱ्या दोन ताऱ्यांची जोडी आहे. दोनच वर्षांनी आल्फ्रेड जॉय यांनी एस्. एस्. सिग्नीही जोडतारा असल्याचे दाखविले, आणि त्यानंतरच्या दशकात रॉबर्ट क्राफ्ट यांनी एकामागून एक तारे तपासून ही सर्व जातच जोडताऱ्यांची असल्याचे प्रतिपादन केले. एस्. एस्. सिग्नीच्या जोडीची एक प्रदक्षिणा ६ तास ३६ मिनिटांत होते. आपली पृथ्वी ज्या कामास वर्ष घेते ते ही जोडी सकाळच्या चहापासून दुपारच्या चहापर्यंत उरकते! दोहोंमधील अंतर आपल्या सूर्याच्या व्यासाएवढेच आहे. म्हणजे सूर्याच्या जागी ही जोडी आणून ठेवली तर दोघांचे मध्यबिंदू सूर्याच्या दोन कडांवर पडतील.

जोडी मोठी विजोड असते. एक तारा लालसर, थंड, सूर्याहून लहान. दुसरा 'श्वेतबटू', म्हणजे आपले इंधन संपवून आटून गेलेल्या ताऱ्याचा गाभा. आकाराने तो पृथ्वीएवढा, परंतु वजनाने सूर्याच्या पंक्तीस बसणारा. त्याचे चमचाभर द्रव्य येथे आणता आले असते तर ते कित्येक टन भरले असते. असा हा जड बटू इतक्या निकट आल्यामुळे लाल ताऱ्याचा आकार ओढला जाऊन थेंबासारखा निमुळता होतो, आणि त्या टोकापासून वायूची धार बटूच्या दिशेने वाहू लागते. ही धार थेट बटूवर पडत नाही. जोडी गरगर फिरत असल्यामुळे धारेसही फिरण्याचा वेग असतो; म्हणून ती बटूभोवती वळसा घेते आणि तिची एक पातळ, विस्तीर्ण तबकडी बनते. न्हाणीच्या मोरीतून पाणी जाताना जसे वळसे घेत घेत भोकाकडे सरकते, तसे त्या तबकडीतील द्रव्य थरांच्या परस्परघर्षणाने तापत तापत आत सरकते आणि अखेर बटूवर जाऊन पडते. या पडण्यात किती ऊर्जा आहे म्हणाल, तर एक किलो द्रव्य बटूवर पडताना जी ऊर्जा सुटते ती एक किलो रॉकेल जाळून मिळणाऱ्या ऊर्जेच्या तीन लाख पटींहून अधिक असते.

मग तारा मधूनमधून उजळतो तो का? १९७४ साली जपानी शास्त्रज्ञ योजी ओसाकी यांनी सुचविलेली उपपत्ती आज बहुतेकांस मान्य आहे. लाल तारा देतो सारखेच. परंतु तबकडी ते लगेच पुढे धाडीत नाही, साठवून ठेवते. साठा एका मर्यादेपलीकडे गेला, तापमान चढले आणि तबकडीतील हायड्रोजनचे अणू फुटून विद्युद्भारित झाले, की घर्षण एकदम वाढते व साठलेले द्रव्य लोंढ्याने आत धावते. तोच तो उजळण्याचा काळ. साठा उतरला की तबकडी पुन्हा थंड व कंजूष होते. थोडक्यात, महिनाभर फडताळात साठविलेले सण आला की पंधरा दिवसांत फस्त करावे, असा हा संसार आहे.

येथवरची हकीकत सामान्य प्रकाशाने कळण्याजोगी होती. परंतु वाचकांच्या लक्षात येईल की, तबकडीचा जो भाग बटूच्या निकट, म्हणजे जेथे खरा व्यवहार चालतो, तो अतिशय तप्त असतो. तापविलेले लोखंड प्रथम तांबडे, मग पिवळे, मग पांढरे दिसते. त्याहूनही कित्येक पट तापमान चढवीत गेल्यास प्रकाशाचा मुख्य भाग जांभळ्याच्याही पलीकडे जातो, जेथे आपल्या डोळ्यास काहीच दिसत नाही. या पलीकडील किरणांस 'अतिनील' म्हणतात. त्यांचा शोध १८०१ साली जर्मनीतील योहान रिटर यांनी लावला. सूर्याचा वर्णपट पाडून त्यात त्यांनी रुप्याचा एक क्षार धरला, तेव्हा जांभळ्या पट्ट्याच्या बाहेर, जेथे डोळ्यास अंधारच दिसत होता तेथे, तो सर्वांत लवकर काळवंडला. तबकडीच्या आतील भागाचे तापमान तीस हजार अंशांच्या घरात जात असल्यामुळे तिचा बहुतेक प्रकाश अतिनीलच असतो.

आणि हाच प्रकाश पृथ्वीवर येत नाही. डोळ्यास दिसणारा प्रकाश सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. ३०० नॅनोमीटरांच्या खालचे किरण उंचावरील ओझोन वायू शोषून घेतो. ते न शोषले जाते तर आपली त्वचा व डोळे जळते आणि जमिनीवर जीवसृष्टी टिकती ना. तेव्हा तक्रार करावयाची तरी कोणाकडे? ज्या छत्राखाली आपण सुखाने नांदतो त्याच छत्राने आकाशातील हा व्यवहार आपल्यापासून झाकून ठेवला होता.

छत्राच्या वर जाणे हाच उपाय. १९७८ सालच्या जानेवारीच्या २६ तारखेस अमेरिका, युरोपीय अंतराळसंस्था आणि ब्रिटन यांनी मिळून अतिनील वर्णपट घेणारा एक उपग्रह वर सोडला. इंग्रजीतील आद्याक्षरांवरून त्यास 'आय. यू. ई.' म्हणत. त्याच्या दुर्बिणीचा आरसा अवघा ४५ सेंटिमीटर व्यासाचा होता. त्याहून मोठे आरसे कित्येक हौशी लोकांपाशी असतात. परंतु तो योग्य जागी होता. ११५ पासून ३२० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश तो उलगडून दाखवी. त्याची कक्षा अशी होती की, अमेरिकेतील मेरीलंड प्रांताच्या आकाशातून तो कधी मावळतच नसे, व दिवसाचा काही भाग स्पेनमधील माद्रिदजवळच्या केंद्रासही तो दिसे. ज्योतिर्विदांनी त्या केंद्रात पाळीपाळीने बसावे, 'आता अमुक ताऱ्याकडे वळा' असे सांगावे, आणि थोड्या वेळाने वर्णपट समोर यावा! ढग नाहीत, पाऊस नाही, दिवसा काम बंद नाही.

हा उपग्रह तीन वर्षे चालावा अशा बेताने बांधला होता. तो चालला अठरा वर्षांहून अधिक. दिशा राखणारे सहा भोवरे त्यात बसविले होते, व निदान तीन तरी चालू असल्यावाचून काम होणे नाही अशी मूळ योजना होती. एकामागून एक भोवरे बिघडत गेले. १९८५ साली दोनच उरले, तेव्हा जमिनीवरील अभियंत्यांनी सूर्याची दिशा दाखविणाऱ्या एका दुय्यम यंत्राकडून तिसऱ्या भोवऱ्याचे काम करून घेतले. १९९१ नंतर एकाच भोवऱ्यावर गाडा हाकला. ३० सप्टेंबर १९९६ रोजी तो बंद करण्यात आला, तोवर त्याने एक लाखाहून अधिक वर्णपट जमा केले होते. आम्हांस या हकीकतीत शोधांइतकाच आनंद होतो. एखादी जुनी सायकल पदरचे दोन तुकडे लावून वीस वर्षे चालविणारे गृहस्थ आपल्या आळीत असतात; त्यांच्याच जातीचे हे लोक.

आता मुख्य विषयाकडे वळू. रूपविकारी तारा उजळणार केव्हा हे आगाऊ ठाऊक नसते, आणि उपग्रहाचा वेळ तर महिनेच्या महिने आधी वाटून दिलेला. येथे ते परसातील निरीक्षक कामी आले. अमेरिकेत १९११ साली स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेच्या संचालिका जॅनेट मटाई यांच्याकडे जगभरातून 'अमुक तारा काल रात्री चढू लागला' अशा वर्दी येत, त्या त्या पुढे ज्योतिर्विदांस कळवीत, आणि उपग्रह तिकडे वळविला जाई. अशा रीतीने उजळलेल्या ताऱ्यांचे जे वर्णपट मिळाले त्यांत एक अनपेक्षित गोष्ट आढळली.

ती समजण्यास थोडे मागे जावे लागेल. प्रत्येक मूलद्रव्याच्या वर्णपटात ठरावीक जागी रेषा असतात. तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनच्या अणूची एक ठळक रेषा १५५ नॅनोमीटरवर असते. वायू आपल्याकडे येत असेल तर रेषा निळ्याकडे सरकते, दूर जात असेल तर तांबड्याकडे. स्टेशनात येणाऱ्या गाडीची शिट्टी उंच व जाणाऱ्या गाडीची खालच्या सुरात ऐकू येते, त्याच न्यायाने. आता एखाद्या तेजस्वी वस्तूपासून चहूकडे वायू सुटत आहे अशी कल्पना करा. जो वायू आजूबाजूस पसरला आहे तो स्वतः चमकतो, म्हणून रेषेच्या मूळ जागी उजळ पट्टा दिसतो. परंतु जो वायू बरोबर आपल्या व त्या तेजाच्या मध्ये आहे तो आपल्याच दिशेने धावत असतो आणि मागचा प्रकाश अडवितो; म्हणून उजळ पट्ट्याच्या निळ्या अंगास एक काळी खाच पडते. उजळ पट्टा व त्यास लागून निळ्या बाजूस काळी खाच, हे वाऱ्याचे लक्षण होय. हंसातीलच 'पी सिग्नी' नावाच्या ताऱ्यात हे प्रथम ठळकपणे पाहण्यात आल्यामुळे त्या ताऱ्याचे नाव या लक्षणास मिळाले आहे. १६०० साली अकस्मात उजळलेला तो तारा हॉलंडातील नकाशेकार विलेम ब्लाउ यांनी नोंदविला होता.

उजळलेल्या जोडताऱ्यांच्या अतिनील वर्णपटांत हेच लक्षण दिसू लागले. उपग्रह वर गेला त्या वर्षीच त्याची चाहूल लागली होती. १९८२ साली फ्रान्स कॉर्डोव्हा व कीथ मेसन यांनी कन्या राशीतील अशाच एका ताऱ्याच्या उजळण्याच्या काळातील वर्णपटांवरून या वाऱ्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. यांतील कॉर्डोव्हाबाईंची एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. त्यांची पहिली पदवी इंग्रजी वाङ्मयाची. भौतिकशास्त्राकडे त्या नंतर वळल्या, आणि पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या प्रमुख झाल्या. 'वाङ्मय घेतले, आता शास्त्राचे दार बंद' असे मॅट्रिकच्या वर्गातील मुलामुलींस सांगणाऱ्या पालकांनी हे वाचून ठेवावे.

वाऱ्याचा वेग काढण्याची रीत सोपी आहे. १५५ नॅनोमीटरच्या रेषेची खाच सुमारे दोन नॅनोमीटर निळ्याकडे गेलेली आढळली, असे धरू. म्हणजे मूळ लांबीचा पंचाहत्तरावा हिस्सा. तर वायूचा वेगही प्रकाशाच्या वेगाचा पंचाहत्तरावा हिस्सा, म्हणजे सेकंदास चार हजार किलोमीटर. प्रत्यक्षात या ताऱ्यांत सेकंदास तीन ते पाच हजार किलोमीटर असे वेग आढळतात. मुंबईहून काश्मीरपर्यंत जाऊन परत यावयास त्या वाऱ्यास एक सेकंदही पुरे.

या आकड्यातच वाऱ्याचे जन्मस्थान सांगितलेले आहे. पृथ्वीवरून कायमचे निसटावयाचे तर सेकंदास ११.२ किलोमीटर वेग लागतो; श्वेतबटूच्या पृष्ठभागावरून निसटण्यास पाचसहा हजार किलोमीटर लागतो. वारा ज्या गुरुत्वाच्या विहिरीतून वर येतो तिच्या खोलीच्या मानानेच त्याचा वेग असतो. तेव्हा हा वारा लाल ताऱ्यापासून किंवा तबकडीच्या बाहेरच्या थंड कडेपासून निघालेला नव्हे. तो बटूच्या अगदी निकट, तबकडीच्या आतल्या भागातून निघतो. आणि तारा मंद असताना त्याची खूण दिसत नाही. लोंढा आत धावू लागला की दिसते. जेथे घेणे चालू आहे तेथूनच, आणि घेण्याच्या त्याच वेळी, काही भाग परत उधळला जात आहे!

दुसरा पुरावा ग्रहणांचा. सप्तर्षींच्या तारकासमूहात 'यू. एक्स्.' या अक्षरांनी ओळखली जाणारी एक जोडी आहे. तिची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत असल्यामुळे दर ४ तास ४३ मिनिटांनी लाल तारा तबकडीस ग्रहण लावतो. त्या ग्रहणात तबकडीचा अतिनील प्रकाश झपाट्याने उतरतो. परंतु कार्बनच्या त्या रेषेचा उजळ पट्टा तितका उतरत नाही. अर्थात तो पट्टा देणारा वायू तबकडीपुरता मर्यादित नसून तिच्या वरखाली दूरवर पसरलेला आहे, इतका की लाल ताऱ्याच्या आडोशाने तो झाकला जात नाही. या जोडीच्या पुढील अभ्यासावरून वारा चहूकडे सारखा न सुटता तबकडीच्या दोन्ही अंगांस, उमललेल्या दोन धोत्र्याच्या फुलांसारखा, पसरत जातो असे अनुमान निघाले.

वाऱ्याची गोष्ट निघाली की आमच्या परिचयातील काही मंडळींस सूर्यसिद्धांतातील 'प्रवह' वायूची आठवण होते, व 'हे सर्व आपल्याकडे आधीच होते' असे ते म्हणू लागतात. सूर्यसिद्धांताविषयी आमचा आदर कोणाहून कमी नाही. त्यातील ग्रहगणित हे बुद्धीचे खरे वैभव आहे. परंतु नक्षत्रचक्र फिरविण्यासाठी कल्पिलेला तो वायू आणि तबकडीतून सुटणारा हा वारा यांत नावापलीकडे काडीचेही साम्य नाही. ज्यांनी वेध घेऊन आकडे लिहिले त्या आपल्या पूर्वजांचा गौरव, त्यांनी न पाहिलेल्या गोष्टी त्यांच्या नावावर मांडून होत नाही.

अतिनील वेधांनी आणखी एक गोष्ट हाती दिली. काही वेळा तारा उजळताना प्रथम साधा प्रकाश चढतो आणि अतिनील प्रकाश सुमारे अर्धा दिवस मागाहून चढतो. याचा अर्थ उघड आहे: लोंढा बाहेरच्या थंड कडेवर सुरू होतो, व आतल्या तप्त भागापर्यंत पोहोचण्यास त्यास तेवढा वेळ लागतो. या विलंबाच्या अभ्यासात गुरू व शनी यांचे दर्शन घेऊन पुढे गेलेल्या 'व्हॉयेजर' यानांचीही मदत झाली. ग्रहांसाठी बसविलेले त्यांचे अतिनील यंत्र वाटेत रिकामे होते. पोलिडन व होलबर्ग या शास्त्रज्ञांनी ते या ताऱ्यांकडे वळवून घेतले.

वारा आहे, तो आतून निघतो, एवढे ठरले. परंतु त्यास हाकतो कोण? येथे मात्र वाद आहे. पहिले उत्तर असे की, प्रकाशच हाकतो. प्रकाशाचा दाब अत्यल्प असतो खरा. परंतु कार्बन, नायट्रोजन, सिलिकॉन यांचे अणू आपापल्या रेषांच्या जागी प्रकाश फार जोराने अडवितात, म्हणून त्यांस तेवढा धक्का बसतो. मोठ्या तप्त ताऱ्यांचे वारे याच रीतीने वाहतात हे सिद्ध आहे. १९९८ साली प्रोगा, स्टोन व ड्रू या त्रयीने संगणकावर गणित मांडून तबकडीपासूनही असा वारा निघू शकतो असे दाखविले. मात्र त्यासाठी तबकडी पुरेशी तेजस्वी असली पाहिजे, आणि या जोडीतील तबकड्या तेथे काठावरच येतात. शिवाय प्रकाश वारा हाकीत असेल तर प्रकाश वाढला की वारा वाढला पाहिजे. १९९० पासून वर असलेल्या हबल दुर्बिणीतून अशा दोन ताऱ्यांचे वेध लागोपाठ घेऊन २००२ साली हार्टले व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, तसे काही घडत नाही: वारा कमीअधिक होतो, परंतु प्रकाशाच्या चढउताराशी त्याचा मेळ बसत नाही. तेव्हा तबकडीत चुंबकीय क्षेत्र असावे व त्याच्या रेषांवरून, गोफणीतून गोटा सुटावा तसा, वायू भिरकावला जात असावा, असे दुसरे मत. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. परंतु ज्या मतावर प्रत्यक्ष वेधांनी प्रश्नचिन्ह लावले आहे ते, गणित सुंदर आहे एवढ्यासाठी, निर्विवाद म्हणून मुलांस शिकवू नये असे आमचे मत आहे.

'इतके करून या वाऱ्याचे महत्त्व काय?' असे कोणी विचारील. महत्त्व जमाखर्चाचे आहे. श्वेतबटूच्या वजनास मर्यादा आहे. १९३० साली हिंदुस्थानातून इंग्लंडास निघालेल्या आगबोटीवर एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी जे गणित मांडले त्यातून ती मर्यादा निघाली, आणि आज ती सूर्याच्या वजनाच्या सुमारे १.४ पट मानली जाते. कार्बन-ऑक्सिजनचा बटू बाहेरून द्रव्य घेत घेत त्या मर्यादेच्या निकट पोहोचला तर त्याचा समूळ स्फोट व्हावा, असे एक प्रमुख मत आहे. अशा स्फोटांच्या तेजावरून विश्वातील दूरदूरची अंतरे मोजली जातात. आपल्या रक्तातील लोहाचा पुष्कळ भागही अशाच स्फोटांत घडलेला आहे. तेव्हा अमुक बटू कालांतराने वजनदार होतो की होत नाही, हा प्रश्न पोकळ नाही. तो सोडवावयाचा तर जमेस काय आले व खर्ची काय पडले हे दोन्ही पाहिले पाहिजे. वाऱ्याने जाणारा भाग शंभरात एकापासून दहापर्यंत असावा असे बहुतेक अंदाज सांगतात. त्याहून मोठा खर्च म्हणजे हजारो वर्षे बटूच्या अंगावर साचलेले द्रव्य एकदम पेटून खऱ्या नवताऱ्याच्या रूपाने उधळले जाते तो. परंतु लहान गळतीही वर्षानुवर्षे चालली तर घराचा हिशेब बदलते, आणि हा वारा नुसते द्रव्यच नव्हे तर फिरण्याचा वेगही बरोबर नेत असेल, तर जोडीच्या पुढील आयुष्यावरच त्याचा परिणाम होईल.

जमेची बाजूही वाटते तितकी सोपी नाही, हे एस्. एस्. सिग्नीनेच शिकविले. तारा किती देतो-घेतो हे त्याच्या खऱ्या तेजावरून काढावयाचे. आणि खरे तेज काढावयाचे तर अंतर बिनचूक हवे. १९९९ साली हबल दुर्बिणीच्या साहाय्याने त्याचे अंतर पाचशे प्रकाशवर्षांहून अधिक आले. तसे असेल तर तारा इतका तेजस्वी, व त्याची आवक इतकी मोठी ठरे की, ओसाकींच्या उपपत्तीप्रमाणे तबकडीने कधी थंड होऊच नये, सदा उजळच राहावे! पुष्कळांस ती उपपत्तीच चुकली असे वाटू लागले. शेवटी २०१३ साली मिलर-जोन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ दुर्बिणींनी अंतर पुन्हा मोजले. रेडिओ लहरी हा तारा उजळतानाच देतो, म्हणून पुन्हा परसातील निरीक्षकांनीच 'आज उजळला' अशी वर्दी द्यावयाची होती, आणि त्यांनी ती दिली. अंतर आले सुमारे ३७० प्रकाशवर्षे, व पुढे 'गाया' उपग्रहाच्या मापांनीही त्यास पुष्टी मिळाली. उपपत्ती वाचली, चूक मापात होती.

आपल्या देशानेही छत्राच्या वर अतिनील दुर्बीण नेली आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या 'अॅस्ट्रोसॅट' उपग्रहावर सुमारे ३८ सेंटिमीटर व्यासाच्या दोन जुळ्या अतिनील दुर्बिणी बसविल्या होत्या. बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था, पुण्याची 'आयुका', मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, इस्रो व कॅनडाची अंतराळसंस्था यांचे ते संयुक्त काम. त्यांचा विशेष म्हणजे आकाशाच्या बऱ्याच रुंद तुकड्याचे अतिशय रेखीव अतिनील चित्र. वाऱ्याची रेषा बारकाईने उलगडणे हे त्यांचे मुख्य काम नव्हे. परंतु त्याच उपग्रहावर क्ष-किरणांची यंत्रेही असल्यामुळे एकाच जोडीचा अतिनील व क्ष-किरण असा दुहेरी वेध एका वेळी घेण्याची सोय झाली, आणि ती सोय फार थोड्या उपग्रहांवर आढळते.

ज्या घरी तीनचार इंची दुर्बीण असेल त्यांच्यासाठी शेवटी पत्ता देऊन ठेवतो. आश्विनाच्या सुमारास रात्री नऊ वाजता हंस डोक्यावरून किंचित उत्तरेस असतो. त्यातील सर्वांत ठळक तारा देनेब. त्याच्या पूर्वेस सुमारे अकरा अंशांवर पाचव्या प्रतीचा '७५ सिग्नी' नावाचा तारा आहे, व त्याच्या ईशान्येस अगदी लगत एस्. एस्. सिग्नी. नकाशा जवळ घेऊन बसावे, भोवतालच्या ताऱ्यांशी तुलना करून प्रत लिहावी, तारीख व वेळ घालावी. पुष्कळ रात्री तेथे काहीच दिसणार नाही; तेही लिहावे. आणि एखाद्या रात्री, काल जेथे रिकामे होते तेथे आठव्या प्रतीचा ठिपका दिसला, तर त्या क्षणी तबकडीत लोंढा सुटला आहे व वारा वाहत आहे असे समजावे. तो ३७० वर्षांपूर्वी सुटला, एवढेच.